खमंगाच्या पुढे

“बंद म्हणजे दिवसाक किती कप?” आबांनी विचारलं.

डॉक्टर परुळेकरांनी आबांच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडवला आणि शांतपणे म्हणाले, “बंद म्हणजे बंद, आत्मारामबुवा. एकही नाही.”

“दूध वाढवून?”

“पाणी वाढवूनसुद्धा नाही. तुमचं हृदय आता पळायच्या लायकीचं राहिलेलं नाही. त्याला पळवू नका.”

आबा माझ्याकडे वळले आणि डॉक्टर समोर बसलेले असताना म्हणाले, “प्रभा, सावंतवाडीत दुसरो कोण डॉक्टर नाय काय गो?”

मी त्यांचा हात धरून त्यांना दवाखान्याबाहेर आणलं. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. कॉफी बंद म्हणजे आमच्या घरात काय, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

माझे वडील आत्माराम मांजरेकर बेळगावात नायकशेटांच्या कॉफीच्या कारखान्यात भाजणारे होते. सगळं तारुण्य त्यांनी तिथल्या फिरत्या लोखंडी पिंपासमोर काढलं. पिंपाला काटा नव्हता की घड्याळ नव्हतं. आबांचा कान हाच काटा. आतला दाणा पहिल्यांदा तडतडला की ते सावध होत, दुसऱ्यांदा बारीक तडतडू लागला की “काढ!” म्हणून ओरडत, आणि त्या एका शब्दावर गडी पिंप उलटं करत. शेट माल आणत आणि विकत, पण त्यांच्या कॉफीचं बेळगावात जे नाव होतं ते आबांच्या ‘काढ’मुळे होतं, असं आबांचं म्हणणं होतं. शेटांचंही तेच म्हणणं होतं, म्हणून आबांचा ताठा कुणाला टोचला नाही.

लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा मला कारखान्याच्या दाराबाहेर थांबून आत बघावं लागे. माझ्या केसांना खोबरेल, वेणीत अबोली, आणि गरम दाण्याला म्हणे लगेच वास लागतो. गडी आत आणि मी बाहेर. त्याचा मला राग होता आणि तो मी मोठी होईपर्यंत नीट जपून ठेवला होता.

पुढे आई गेली, आबांनी काम सोडलं आणि आम्ही दोघं सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी परत आलो. मी गावच्या बालवाडीत शिकवू लागले. माझं लग्न झालं नव्हतं, आणि तो विषय गावात इतका चघळून झाला होता की त्यात आता चव उरली नव्हती. नाव होतं ते माझ्या हाताचं. चकलीची भाजणी असो की बेसनाचे लाडू, माझ्या हातून कधी काही करपलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते. शेवटी मुलगी कोणाची!

दवाखान्यातून आल्या आल्या मी घरातली कॉफीची पूड डब्यासकट शेजारच्या जनाकाकीला देऊन टाकली. आबा आतल्या खोलीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले, आणि पडूनच राहिले. चहा दिला तर “पालो उकडून दितंस?” म्हणून कप बाजूला सारायचे. पेज दिली तर कशीबशी दोन घोट. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. एवढा भरदार माणूस, पण महिनाभरात अंथरुणात शोधावा लागेल असा झाला.

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना पडवीत थांबून हळू आवाजात म्हणाले, “औषध लागू पडतंय, प्रभाताई. हृदय मी सांभाळीन. पण या माणसाला उठायचंच नसलं तर मी काय करू? असेच पडून राहिले तर पुढचा पावसाळा बघायचे नाहीत.”

मला रडू आलं नाही, राग आला. आईच्या वेळी मी नुसती उशाशी बसून राहिले होते. या वेळी तशी बसणार नव्हते.

तोड काढली ती जनाकाकीने. “अगो, टाकळो भाज ना,” ती म्हणाली. “लढायच्या वक्ताक, रेशनिंग होता तेवा, कॉफी खंय गावत होती? माझो सासरो टाकळ्याच्या बियांची कॉफी करी. आमी सगळ्यांनी पियाली, कोण मरूक नाय.”

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजतो, ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण खातो, तोच हा टाकळा. दिवाळी झाली की त्याच्या शेंगा वाळतात आणि आत मुगाहून बारीक, तांबूस, दगडासारखे कडक दाणे निघतात. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “टाकळ्याला माझी ना नाही. बेताने द्या.” मी शाळा सुटल्यावर बांधावरून शेंगा खुडून आणल्या, दाणे काढले, बिडाच्या कढईत छान खमंग भाजले, दळले, उकळले, फडक्यातून गाळले, गूळ-दूध घातलं आणि आबांपुढे कप नेला.

आबांनी एक घोट घेतला. “ही पेज कोणी काढली?” म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दाटपणा यावा म्हणून भाजलेली नाचणी घातली. “आता आंबील झाली,” आबा म्हणाले. त्यानंतर मी वासासाठी उपळसरीचं मूळ खणून आणलं, वाळवून त्यातलं थोडं भाजून घातलं. त्यावर तर आबांचा आवाजच चढला. “मुळा घालतंस? काढो करतंस काय?”

“आणि तुमच्या कॉफीतली चिकोरी काय मोगऱ्याची कळी असता? तीपण मुळाच ना, आबा? जन्मभर तुमी तीच घातलास.”

आबांनी परत तोंड फिरवलं. मग भिंतीला म्हणाले, “कमी घाल.”

मला आनंद कसला झाला म्हणाल, तर चव घेण्यापुरता का होईना, माणूस उठून बसत होता. शिव्या देण्यापुरतं का होईना, बोलत होता. मी रोज भाजत राहिले. वाढदिवसाचा केक कोणी करणार नाही इतक्या कौतुकाने मी ते रानटी बी भाजत होते, आणि रोज ते आबांना पेजच वाटत होतं.

एका दुपारी कढईतला टाकळा तांबूस झाला, वास सुटला, आणि मी कढई उतरवायला फडकं हातात घेतलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “काढू नको!”

मी तशीच थांबले. “आबा, झालो. वास सुटलो.”

“तुझ्या चकलेच्या भाजणीचो सुटलो. कॉफीचो नाय.”

“करपतलो!”

“करपूदे. तुका करपण्याचा भय वाटता, म्हणान तू रोज पेज काढतंस. तुझो हात खमंगाक थांबता. कॉफी खमंगाच्या फुडे आसा.”

काय चुकत होतं ते मला त्या क्षणी कळलं. आई, आजी, मावश्या, सगळ्यांनी मला भाजणं शिकवलं होतं ते खमंगापर्यंत. तिथे हात आपोआप मागे येतो. तो मागे येऊ न देणं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि ज्याला येत होतं त्याने मला बाहेर उभं केलं होतं. मी दात-ओठ खाऊन ढवळत राहिले. स्वयंपाकघर धुराने भरलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा अख्खी कढई करपली.

आतून आबा खोकले. “ह्यो कोळसो,” म्हणाले. “उद्या परत.”

त्यांनी उद्याचं नाव काढलं होतं. मी तो कोळसा परसात फेकला आणि तिथेच उभी राहून मनसोक्त रडले.

मग रोजची शाळा सुरू झाली. गुरुजी भिंतीपलीकडे खाटेवर, विद्यार्थीण चुलीपुढे. “केसांका त्याल लावलंस?” “लावलंय.” “धू.” मी निमूट केस धुऊन येई. “जाळ कमी कर.” “हात चलव.” “झोपलंस काय गो?” नुसत्या आवाजावरून त्यांना कढईतलं सगळं कळे. हळूहळू कपातलं पाणी पेजेच्या जातीतून बाहेर आलं. आबा कप रिकामा करू लागले, त्यासोबत भाकरीही खाऊ लागले. बरं झालं आहे, असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत. आणि खाट काही सोडली नाही. मी एकदा चुकून “कॉफी देऊ काय?” म्हटलं, तर उसळून म्हणाले, “तेका कॉफी म्हणा नको! कोणाक सांगू पण नको. आत्माराम मांजरेकर टाकळो पियता म्हणान गाव हसात.”

तेव्हा मला कळलं की ते लोकांपुढे का येत नाहीत. दुखणं छातीत होतंच, पण त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं ते कॉफी सुटल्याच्या लाजेने.

अशातच बेळगावच्या एसटीच्या ड्रायव्हरने निरोप आणला. नायकशेट रविवारी आबांना भेटायला येत होते.

आबा ताडकन उठून बसले. “शेट येतत आणि माझ्या घरात कॉफी नाय? जनाकडसून डबो हाड.”

“जनाकाकीन तो केवाच संपवलो.”

“मगे बाजारातून हाड.”

“मी हाडूचंय नाय. एक कप शेटांका आणि उरलेलो डबो तुमका. माका कळणा नाय काय?”

“मगे शेटांका काय दितलंस? टाकळो? ज्या माणसाक मी जन्मभर कॉफी भाजून दिलंय, तेका टाकळो?” त्यांचा आवाज फाटला. “मी खोलीच्या भायर येवचंय नाय. सांग तेंका, आत्माराम झोपलो आसा.”

“टाकळोच दितलंय. आणि टाकळो म्हणानच दितलंय. तुमी झोपा.”

बोलून तर बसले, पण स्वयंपाकघरात आले तेव्हा मला त्यातली जोखीम कळली. शेटांनी नाक मुरडलं, नुसती भुवई जरी वर केली, तरी आबा परत त्या भिंतीकडे वळणार होते, आणि मग त्यांना इकडे वळवणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

रविवारी सकाळी मी न्हाऊन, केस कोरडे बांधून चूल पेटवली. कढईत दाणे खुळखुळू लागले, तोच मागे पाय घासल्याचा आवाज आला. वळून बघते तर आबा दाराची चौकट धरून उभे. इतक्या दिवसांत आधाराशिवाय खोलीबाहेर आले नव्हते. ते भिंतीशी पाटावर बसले आणि त्यांनी मान जराशी तिरकी केली. पिंपासमोर बसायचे तशी.

दाणे तडतडले. मी ढवळत होते. तडतड थांबली, धूर निळसर झाला.

“काढ,” आबा म्हणाले.

मी वाकून वास घेतला. धुराच्या खाली अजून टाकळ्याच्या पाल्याचा तो हिरवा, उग्र वास होता. अगदी थोडा, पण होता. कॉफीचा दाणा दोनदा बोलतो. टाकळा एकदाच बोलतो आणि मग गप्प बसतो, पुढचं त्याचं त्याच्या वासावरून ओळखावं लागतं. आबा इतके दिवस भिंतीपलीकडून ऐकत होते. कढईवर वाकून वास घेत होते ती मी.

“काढ म्हटलंय ना!”

“नाय.”

“प्रभा, जळता ता!”

“आबा, दाण्यात अजून पालो आसा. थांबा.”

ते उठून उभे राहिले. त्यांच्या ‘काढ’नंतर आजवर कोणी थांबलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि मला त्यांच्या छातीची भीती वाटली. पण हात मी थांबवला नाही. ढवळत राहिले, हुंगत राहिले. आणि एकाएकी तो हिरवा वास गेला. कडू, गोड, जड असा दुसराच वास वर आला. मी कढई सुपात उलटी केली आणि जोरजोरात वारा घातला.

आबांनी सुपातल्या काळ्याभोर दाण्यांकडे पाहिलं. “घालवलंस,” ते म्हणाले. “माझा नाव घालवलंस.”

आणि आत गेले. थोड्या वेळाने बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून पडवीतल्या बाकावर ताठ बसलेले. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, “शेटांची माफी मागूक कोणतरी व्हया.”

नायकशेट काठी टेकत आले. तेही आता थकले होते, पण धोतराची घडी तशीच कडक होती. त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले. “आत्माराम, किती वाळलास की रे!” म्हणाले आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसले. तेवढ्यात मी ट्रे घेऊन बाहेर आले.

“शेट, ही कॉफी नाही,” मी कप देताना सांगितलं. “टाकळ्याच्या बिया, नाचणी आणि उपळसरीचं मूळ आहे. आबांना कॉफी बंद आहे, म्हणून घरात आणत नाही.”

आबा जमिनीकडे बघत होते.

शेटांनी कप नाकाखाली धरून हळूच फिरवला. एक घोट घेतला, तोंडात ठेवला, मग गिळला. मी त्यांच्या भुवयांवरून नजर काढली नाही. त्यांनी दुसरा घोट घेतला.

“कॉफी नव्हे ही,” शेट म्हणाले. “सांगितलंस ते बरं केलंस. नसतं सांगितलंस तरी मला कळलंच असतं.”

माझ्या हातातला ट्रे मी घट्ट धरला. आबांनी डोळे मिटले.

शेटांनी तिसरा घोट घेतला आणि कप खाली ठेवून आबांवरच डाफरले. “पण तुला अक्कल आहे काय रे, आत्माराम? इतका आजारी माणूस आणि चुलीपुढं बसून भाजतोस? नाही म्हणू नकोस. कुठं थांबायचं ते असं तुझ्याशिवाय कोणाला कळत नाही. दुकानात आता मशीन आणलंय, घंटा वाजते, तरी हे येत नाही. हा तुझा हात मी आंधळा झालो तरी ओळखीन.”

आबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मला तर भागलंच असतं. ते पडवीत चारचौघांसारखे बसले होते, शेट त्यांना हक्काने रागावत होते, यापलीकडे मला काही नको होतं. आज मी आबांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, तरी सांगते, मी मनातून त्यांना मान हलवा म्हणून विनवत होते.

आबांनी आपला कप उचलला. त्याला अजून तोंडही लावलं नव्हतं. एक घोट घेतला. थांबले. मग सगळा कप एका दमात संपवला आणि मिशीवरून हात फिरवला.

“शेट, ह्यो हात माझो नाय.”

“मग कोणाचा?”

“मी काढ म्हटलंय,” आबा म्हणाले. “दोनदा म्हटलंय. हिना काढूक नाय.”

शेट माझ्याकडे बघतच राहिले. “तू काढ म्हटल्यावर?”

“मी काढ म्हटल्यार!” आबांची छाती पुढे आली. पिंपासमोर यायची तशीच. “तुमच्या कारखान्यात एका गड्याची छाती झाली नाय, ता माझ्या चेडवान केल्यान. मी कानान भाजी, हिना नाकान भाजल्यान. माझा आयकला असता तर तुमी आता पालो पियत असतास, शेट. पालो!”

शेट हसू लागले ते खोकला येईपर्यंत हसले. मग रिकामा कप माझ्यापुढे करून म्हणाले, “आण अजून. आणि सांग बघू, कसं भाजतेस ते. डॉक्टरांनी बंद केलेली माणसं रोज दुकानात येतात आणि नुसता वास घेऊन परत जातात. त्यांना काहीतरी द्यायला नको काय?”

मी आबांकडे पाहिलं. भाजण्याविषयी आमच्या घरात बोलायचं ते त्यांनीच. आबा बाकावर जरा सरकले आणि दोघांच्या मध्ये जागा करून दिली.

“बस हंय,” ते म्हणाले. “आणि सगळा सांग.”

मी बसले. शेंगा कधी खुडायच्या इथपासून सुरुवात केली. दाणा, जाळ, धूर, आणि तो हिरवा वास जाईपर्यंत हात कसा थांबू द्यायचा नाही, सगळं सांगितलं. बेळगावचे शेट मान डोलवत ऐकत होते. आबाही ऐकत होते, आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत.